तिहुआनाची एक रात्र: बेत परतीपासून आखा

सॅन डिएगोच्या मध्यवस्तीतून ब्लू लाइनची ट्रॉली दक्षिणेला निघते आणि पाऊण तासाने सॅन इसिड्रोला येऊन थांबते. तिथून मेक्सिकोचं दार चालत पाच-सात मिनिटांवर आहे. ट्रॉलीचं तिकीट स्वस्त. पलीकडे तिहुआना: वीस लाखांच्या आसपास वस्तीचं, रात्री उशिरापर्यंत जागं राहणारं, पोटभर आणि चविष्ट खाऊ घालणारं शहर. कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या किंवा मुलांकडे आलेल्या मराठी माणसाच्या मनात कधी ना कधी येतंच, की शुक्रवारी संध्याकाळी चालत पलीकडे जावं, खावं-प्यावं, गाणं ऐकावं आणि रात्री परत यावं.

बेत चांगला आहे, जरूर करावा. पण तो अमेरिकन मित्राच्या भरवशावर करू नये. त्याचं फार तर काय बिघडेल? परतीच्या रांगेत दोन-तीन तास जातील. तुमच्या खिशात भारतीय पासपोर्ट आहे. तुमची नोकरी, शिक्षण, घरभाडं, बायको-मुलं सगळी एका कागदाच्या आधारावर अमेरिकेत उभी आहेत. म्हणून या रात्रीचं नियोजन उलट्या बाजूने करावं लागतं. आधी परत कसं आणि कधी यायचं ते ठरवा, मग काय खायचं ते.

निघण्याआधी कागद

पहिला प्रश्न, मेक्सिको तुम्हाला आत घेईल का? भारतीय नागरिकाला मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण पासपोर्टवर अमेरिकेचा मुदतीतला व्हिसा असेल तर तो माफ आहे. ग्रीन कार्ड असेल तरीही माफ. कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा मुदतीतला व्हिसाही चालतो. इथे पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा मोजला जातो. एच-१बी मंजुरीचं आय-७९७ पत्र किंवा विद्यापीठाचा आय-२० म्हणजे व्हिसा नव्हे. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर घ्या.

दुसरा आणि मोठा प्रश्न, अमेरिका तुम्हाला परत घेईल का? एफ-१ विद्यार्थ्याने पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवासासाठी सही घेतलेला आय-२० न्यावा. ही सही एक वर्षाच्या आतली हवी, आणि ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीवर असाल तर सहा महिन्यांच्या आतली. ओपीटीवाल्यांनी ईएडी कार्ड आणि नोकरीचं पत्रही ठेवावं. एच-१बीवाल्यांनी मूळ आय-७९७ आणि अलीकडच्या दोन-तीन पगारपावत्या, एच-४वर असलेल्यांनी जोडीदाराच्या आय-७९७ची प्रतही. ग्रीन कार्डवाल्यांनी खुद्द कार्ड न्यावं. त्याचा फोटो फोनमध्ये असून भागत नाही.

मराठी मुलं सर्वाधिक कुठे अडकतात, तर व्हिसाची मुदत संपलेली असते तिथे. अमेरिकेत राहण्याचा दर्जा वैध असतो, आय-९४ या प्रवेशनोंदीवरची तारीख पुढची असते, पण पासपोर्टवरचा व्हिसा कधीच संपलेला असतो. अशांसाठी अमेरिकेच्या नियमांत ऑटोमॅटिक व्हिसा रिव्हॅलिडेशनची सोय आहे. मेक्सिको किंवा कॅनडात तीस दिवसांपेक्षा कमी राहून, वैध आय-९४ हातात असताना परत येणाऱ्याला संपलेल्या व्हिसावरही आत घेता येतं. एफ-१ व्हिसावर येऊन अमेरिकेतच एच-१बी झालेल्यांनाही ती लागू होऊ शकते. मात्र नवीन व्हिसासाठी अर्ज केलेला असेल तर ही सोय मिळत नाही. शिवाय ही सोय अमेरिकेच्या दाराची आहे, मेक्सिकोच्या दाराची नाही. संपलेला अमेरिकन व्हिसा मेक्सिकोला चालत नाही, म्हणजे तिथला व्हिसा वेगळा काढावा लागतो. मित्रमंडळींत ‘रिव्हॅलिडेशनवर जाऊन येता येतं’ एवढंच अर्धं वाक्य फिरत असतं. त्यावर विसंबून कुणी निघू नये.

काहींनी तर सीमेकडे फिरकूच नये. एफ-१वरून एच-१बीकडे दर्जा बदलण्याचा अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर पाऊल टाकलं, तर दर्जाबदलाची मागणी सोडून दिली असं धरलं जातं. दोन टॅको खाण्यासाठी चार तास बाहेर जाणं हेही बाहेर जाणंच. एप्रिल ते सप्टेंबर या काळात असे कितीतरी विद्यार्थी कॅलिफोर्नियात असतात, त्यांनी ही रात्र ऑक्टोबरनंतरसाठी राखून ठेवावी. ग्रीन कार्डचा आय-४८५ अर्ज प्रलंबित असणाऱ्यांना ॲडव्हान्स परोल, म्हणजे परतण्याची आगाऊ परवानगी लागते. एच-१बी, एच-४ किंवा एल व्हिसावर असणाऱ्यांना त्यात सूट आहे, तरी वकिलाला एक ईमेल टाकूनच निघा. इमिग्रेशनचे नियम अलीकडे वारंवार बदलत आहेत. मागच्या वर्षी मित्र बिनधास्त जाऊन आला, यावरून यंदाचं काही ठरत नाही.

मुलांकडे राहायला आलेल्या आई-बाबांसाठीही एक सूचना. बी-२ व्हिसावर सहा महिने मिळाले आहेत, तर तिहुआनाला जाऊन आल्यावर नवे सहा महिने मिळतील, हा समज चुकीचा आहे. इतक्या छोट्या फेरीनंतर साधारणपणे जुनीच तारीख कायम राहते. मुदत वाढवून घेण्याचा हेतू अधिकाऱ्याच्या लक्षात आला तर उलट प्रश्न वाढतील. आई-बाबांना तिहुआना दाखवायचंच असेल तर दिवसा न्या, दुपारी जेवून परत आणा.

सगळे कागद मूळ स्वरूपात पातळ पाकिटात घालून अंगालगतच्या पिशवीत ठेवा. प्रत्येकाचा फोटो स्वतःच्या ईमेलवर पाठवा. आय-९४ अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावरून छापून घ्या.

पलीकडे जाताना

गाडी घेऊन जाऊ नका. अमेरिकेतला गाडीचा विमा मेक्सिकोत चालत नाही, परतीला गाड्यांची रांग तासन्‌तास सरकत नाही, आणि रात्री पिऊन कुणी गाडी चालवायचा प्रश्नच नको. ट्रॉलीने या. सॅन इसिड्रोपर्यंत गाडीने येऊन तिथे ती उभी करणाऱ्यांनी परतल्यावर गाडी चालवणारा एक माणूस आधीच ठरवावा आणि त्याने थेंबभरही घेऊ नये. अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवल्याची नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो. त्यासाठी न्यायालयात दोष सिद्ध होण्याची वाट पाहिली जात नाही.

सॅन इसिड्रोला पादचाऱ्यांसाठी दोन वाटा आहेत. पूर्वेची पेडईस्ट चोवीस तास उघडी असते. पश्चिमेची पेडवेस्ट २०१६मध्ये सुरू झाली, पण कोविडच्या साथीपासून ती कधी बंद तर कधी ठरावीक तासच उघडी राहिली आहे. रात्रीचा बेत पेडईस्ट धरूनच करा.

जाताना अमेरिकेच्या बाजूला सहसा कुणी अडवत नाही. उतारावरून चालत गेलं की फिरता लोखंडी दरवाजा लागतो. तो एकाच दिशेने फिरतो. त्यातून गेलात की मागे वळता येत नाही, परतायचं ते अमेरिकेच्या तपासणीतूनच. म्हणून पाकीट उघडून कागद शेवटचे एकदा बघायचे ते या दरवाजाच्या अलीकडे. पुढे मेक्सिकोच्या इमिग्रेशनमध्ये परदेशी नागरिकांची रांग वेगळी असते. पासपोर्ट आणि व्हिसा दाखवा, किती दिवस राहणार विचारलं तर आज रात्रीच परतणार असं सांगा. सात दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला जमिनीवरून येणाऱ्यांकडून शुल्क घेतलं जात नाही. रांग टाळून पुढे सरकता येतंय असं दिसलं तरी शिक्का किंवा फॉर्म घेतल्याशिवाय जाऊ नका. शहरात पोलिसांनी विचारलं तर तुम्ही रीतसर आलात याचा तोच पुरावा.

ई-सिगारेट घरी ठेवा, मेक्सिकोत तिच्या आयातीला आणि विक्रीला बंदी आहे. गांजाबद्दल तर अगदी स्पष्ट लिहायला हवं. कॅलिफोर्नियात तो दुकानात मिळतो, पण सीमेवर केंद्राचा कायदा चालतो आणि त्या कायद्यात तो गुन्हाच आहे. पिशवीच्या तळाशी विसरलेली एक गोळी, एक गमी, एक अर्धवट जळालेली सिगारेट परदेशी नागरिकाचा अमेरिकेतला प्रवेश कायमचा अडचणीत आणू शकते. निघण्याआधी पिशव्या आणि जॅकेटचे खिसे रिकामे करा. मित्राची पिशवी उसनी घेऊ नका.

सीमेपासून आव्हेनिदा रेव्होलुसिओन या मुख्य रस्त्यापर्यंत चालत वीसेक मिनिटं लागतात. वाटेत नदीवरचा पादचारी पूल आहे. दिवसा आणि संध्याकाळी माणसांच्या वर्दळीत चालत जायला हरकत नाही. अंधार पडल्यावर मात्र उबर घ्या. ती स्वस्त आहे, आणि भाडं आधी ठरलेलं असल्याने घासाघीस करावी लागत नाही. सीमेलगत उभ्या असलेल्या पिवळ्या टॅक्सी महाग पडतात. तिहुआनाचं घड्याळ कॅलिफोर्नियाबरोबरच चालतं. बाकी मेक्सिकोने २०२२मध्ये उन्हाळी वेळ बंद केली, पण सीमेवरच्या शहरांनी अमेरिकेची वेळ कायम ठेवली.

रात्र कुठे घालवावी

तिहुआनाची ख्याती अमेरिकेतल्या दारूबंदीने घडवली. १९२० ते १९३३ या काळात उत्तरेकडे दारू मिळेना, तेव्हा लोक घोट घ्यायला सीमा ओलांडू लागले. १९२८मध्ये इथे आग्वा कालिएन्ते नावाचा भव्य जुगारमहाल उभा राहिला, हॉलिवूडचे तारे त्यात येत. १९३५मध्ये मेक्सिकोचे अध्यक्ष लासारो कार्देनास यांनी जुगारावर बंदी आणली आणि तो बंद पडला. पण ‘पलीकडे जाऊन मोकाट व्हायचं गाव’ ही ओळख अमेरिकेच्या मनात तशीच राहिली. आजही किती तरी तरुण त्याच भावनेने येतात आणि हे शहर न बघताच परत जातात. ज्या शहराने आपल्याला एका रात्रीसाठी घरात घेतलं, त्याच्याशी असं वागणं मला बरोबर वाटत नाही. तिथे लोक राहतात, मुलं शाळेत जातात, हजारो माणसं पहाटे उठून याच रांगेतून अमेरिकेत कामाला जातात.

संध्याकाळ झोना रिओ भागापासून सुरू करता येते. तिथे १९८२मध्ये उभं राहिलेलं सेकुत हे सांस्कृतिक केंद्र आहे. त्याच्या दारातला प्रचंड गोल घुमट लांबूनही ओळखता येतो. लागूनच मेर्कादो इदाल्गो हा बाजार आहे: वाळवलेल्या मिरच्या, चीज, फळं, मसाल्यांचे ढीग. पण बाजार संध्याकाळी आवरला जातो, तेव्हा लवकर पोचा.

तिथून रेव्होलुसिओनवर या. सीझर सॅलड याच शहरात १९२४मध्ये जन्मलं असं मानलं जातं. सीझर कार्दिनी हा इटलीहून आलेला माणूस इथे उपाहारगृह चालवत असे. त्याच्या नावाचं उपाहारगृह आजही या रस्त्यावर आहे, आणि वेटर लाकडी वाडग्यात तुमच्यासमोर ते सॅलड तयार करतो. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं, की त्यात अँकोव्ही हा मासा आणि कच्चं अंडं असतं. सॅलड म्हणजे पालाच असेल, या भरवशावर राहू नका.

शाकाहाराचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर सांगतो, कारण मराठी घरांतून हाच प्रश्न सर्वांत आधी येतो. घेवड्याची उसळ दिसते तशी शाकाहारी नसते, फ्रिहोलेस बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात. तिला मान्तेका म्हणतात. तांबूस भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. म्हणून नुसतं ‘सोय वेहेतारिआनो’ (बाईने ‘वेहेतारिआना’) म्हणून थांबू नका, पुढे ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका’ असं एकेक नाव घ्या: मांस नको, कोंबडी नको, मासा नको, चरबी नको. मागवण्यासारखं पुष्कळ आहे. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, नोपाल म्हणजे कोवळ्या निवडुंगाची भाजी, बटाट्याचे टॅको, मक्याच्या बुरशीपासून बनणारं काळं, मातकट चवीचं विट्लाकोचे. गाडीवरचा एलोते, म्हणजे लिंबू-तिखट लावलेलं भाजकं कणीस, खाल्लंत तर पावसाळ्यातली लोणावळ्याची गाडी आठवेल, फक्त वर मेयोनीज आणि चीज असतं. मांसाहारी असाल तर आदोबादा टॅको चुकवू नका. उभ्या सळीवर मसाला लावलेलं डुकराचं मांस फिरत असतं आणि कारागीर त्याचे काप थेट मक्याच्या पोळीवर उतरवतो. जिथे स्थानिक लोकांची गर्दी आहे, माल झपाट्याने संपतोय, ती गाडी निवडा. पाणी बाटलीतलंच प्या.

गाणं-बजावणं आणि पेयांसाठी रेव्होलुसिओनपासून फुटणारा काये सेक्स्ता, म्हणजे सहावा रस्ता, आणि झोना रिओतली प्लाझा फिएस्ता ही दोन ठिकाणं पुरेत. बाहा कॅलिफोर्नियातली छोट्या कारखान्यांतली बिअर खरोखर उत्तम असते. त्याच भागातल्या ग्वादालुपे खोऱ्यातली वाइनही मागून बघा. रेव्होलुसिओनला लागूनच पासाहे रोद्रिगेझ ही चित्रांनी रंगवलेली बोळवजा गल्ली आहे, पुस्तकांची आणि कॉफीची छोटी दुकानं तिथे आहेत. दारू न पिणाऱ्यांचीही संध्याकाळ तिथे छान जाते. झोना नोर्ते हा रेव्होलुसिओनच्या उत्तरेचा भाग मात्र टाळा. तो वेश्यावस्तीचा आणि गुन्हेगारीचा भाग आहे. रेव्होलुसिओनच्या उत्तर टोकाला मोठी कमान आहे, तिच्यापलीकडे रात्री पायी भटकू नका.

पैसे पेसोमध्ये द्या. डॉलर घेतात, पण दर दुकानदाराच्या सोयीचा असतो. कार्डाचं यंत्र ‘डॉलर की पेसो’ विचारेल तेव्हा पेसो निवडा. पैसे बँकेच्या आतल्या एटीएममधूनच काढा.

सांभाळून

अमेरिकेचं परराष्ट्र खातं बाहा कॅलिफोर्निया राज्यात जाण्याबाबत पुनर्विचार करा असं सांगतं. इथल्या हिंसेचा मोठा भाग टोळ्यांच्या आपसातल्या वैराचा आहे आणि तो बहुतेक पर्यटकांच्या भागापासून दूर घडतो. तरी बेफिकीर राहून चालत नाही. तिघं-चौघं एकत्र जा आणि एकत्रच परता. पेला समोर भरून घ्या, नजरेआड झालेला पेला परत उचलू नका. नव्याने ओळख झालेल्यांबरोबर दुसऱ्या ठिकाणी जाऊ नका. मैत्रिणींच्या गटात परतीची उबर सगळ्यांनी मिळूनच करावी, एकीला मागे सोडून कुणी निघू नये. मेक्सिकोत दारू पिण्याचं वय १८ आहे, अमेरिकेत २१. विद्यापीठातल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना त्याचं आकर्षण असतं. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या मोठ्यांनी जबाबदारी घ्यावी.

रस्त्यावर हातात बाटली घेऊन फिरणं हा तिथे दंडाचा गुन्हा आहे. पोलिसाने अडवून जागेवरच पैसे मागितले तर शांतपणे म्हणा, की मी ठाण्यावर येऊन रीतसर दंड भरतो, पावती द्या. आवाज चढवू नका. तातडीच्या मदतीसाठी इथेही ९११ आहे, आणि पर्यटकांच्या मदतीसाठी ०७८.

सर्वांत कळकळीची सूचना औषधांबद्दल. रेव्होलुसिओनवर पावलापावलावर औषधांची दुकानं आहेत, आणि दारात उभे असलेले लोक हाक मारून वेदनाशामक, झोपेच्या, एकाग्रतेच्या गोळ्या दाखवतात. २०२३मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी आणि पत्रकारांनी उत्तर मेक्सिकोतल्या अशा दुकानांतल्या सुट्या गोळ्या तपासल्या, तेव्हा काहींमध्ये फेंटानिल आणि मेथॅम्फेटामिन सापडलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानेही सावध केलं. फेंटानिलचे काही मिलिग्रॅम जिवावर बेततात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जागरणासाठी गोळी घेणारी मुलं मला माहीत आहेत. तिहुआनात सुटी गोळी विकत घेऊ नका, एकही नाही. डोकं दुखतंय तर घरून आणलेली पॅरासिटामॉल घ्या.

परतीची रांग

तिहुआनाचे लोक या रांगेला नुसतं ‘ला लिनेआ’ म्हणतात. रोज सुमारे वीस हजार माणसं इथून चालत अमेरिकेत जातात. रांग कधी वीस मिनिटांची असते, कधी तीन तासांची. रविवारची संध्याकाळ आणि सोमवारची पहाट सर्वांत वाईट. शुक्रवारी-शनिवारी मध्यरात्रीनंतर पब सुटले की तेव्हाही रांग फुगते. जोडसुट्यांच्या शेवटच्या दिवशी जाऊच नका. अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाचं प्रतीक्षावेळ दाखवणारं ॲप आहे, ते फोनमध्ये ठेवा आणि जेवतानाच पाहा. ग्रीन कार्डवाल्यांना रेडी लेन वापरता येते, ग्लोबल एंट्रीचं कार्ड असणाऱ्यांना सेंट्री लेन, आणि त्या पुष्कळ वेगाने सरकतात. पासपोर्टवर व्हिसा असणाऱ्या बाकीच्यांना सर्वसाधारण रांगच. गटात दोन प्रकारचे लोक असतील तर पलीकडे कुठे भेटायचं ते आधीच ठरवा, कारण आतल्या इमारतीत फोन वापरू देत नाहीत.

ट्रॉली मध्यरात्रीनंतर काही तास बंद असते. शेवटची ट्रॉली कितीला आहे ते निघण्याआधी पाहा, त्यातून रांगेचे दोन तास वजा करा आणि ती तुमची उठायची वेळ धरा. ती चुकली तर सॅन इसिड्रोहून शहरापर्यंत पंचवीसेक किलोमीटर उबर करावी लागू शकेल. तेवढे डॉलर आणि फोनची बॅटरी राखून ठेवा.

अधिकाऱ्यासमोर शुद्धीत उभे राहा. प्रश्न साधे असतात: कुठे गेला होतात, काय आणलंत, अमेरिकेत काय करता. उत्तरं छोटी, खरी आणि विचारलं तेवढीच द्या. आणलेली प्रत्येक वस्तू सांगा. २१ वर्षांवरील माणसाला एक लिटर दारू करमुक्त आणता येते. फळं, डुकराचं मांस, घरगुती सॉसेज आणू नका. आणलं असेल तर स्वतःहून सांगा. सांगितलं तर ते टाकून देतात, लपवलं तर दंड होतो. आतल्या खोलीत बसायला सांगितलं तर घाबरू नका. व्हिसा असणाऱ्यांच्या बाबतीत ते नेहमीचं आहे. कागद क्रमाने लावलेले असतील तर सहसा लवकर सुटका होते. गांजा कधी घेतला होता का, असा प्रश्न आला तर खोटं बोलू नका आणि बढाईही मारू नका. त्याचं उत्तर तुमच्या नोंदीत कायम राहतं, म्हणून वकिलाशी बोलल्याशिवाय त्यावर तपशील देण्याची घाई करू नका.

पहिल्या खेपेला शनिवार टाळून गुरुवार निवडा. संध्याकाळी पाचला सीमा ओलांडा, मेर्कादोत फिरा, सावकाश जेवा, पासाहेत कॉफी घ्या आणि दहाला रांगेत उभे राहा. आणि तुमच्या व्हिसाबद्दल एक जरी शंका असेल, तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून किंवा वकिलाकडून लेखी उत्तर येईपर्यंत सॅन इसिड्रोच्या त्या फिरत्या दरवाजातून पुढे जाऊ नका.